वन्संनी काशीला काय सोडलं

अश्विनीचा फोन आला तेव्हा मी इस्त्रीवाल्याशी हुज्जत घालत होते. माझ्या पांढऱ्या ब्लाउजच्या पाठीवर त्यानं इस्त्रीचा पिवळा त्रिकोण उठवला होता आणि वर मलाच सांगत होता, "काकू, आजकाल असंच डिझाइन असतं." मी त्याला पुढचं काहीतरी झणझणीत सुनावणार, तेवढ्यात पलीकडून अश्विनी म्हणाली, "मामी, आई गेल्या. झोपेतच गेल्या." इस्त्रीवाला माझ्या तोंडाकडे बघत उभा. मी त्याला म्हटलं, "जा बाबा. डिझाइनच आहे ते." जन्मात पहिल्यांदा मी भांडण अर्ध्यावर सोडलं.

अश्विनी म्हणजे माझ्या नणंदेची सून. नणंदेचं नाव इंदू. आमच्या ह्यांची थोरली बहीण, म्हणून मी त्यांना जन्मभर 'वन्सं' म्हणत आले. त्या दिवशी दुपारपर्यंत विश्रांतवाडीतल्या त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर श्रद्धांजल्यांचा पाऊस पडला. नातीनं मला सगळं वाचून दाखवलं. शांत, सोज्ज्वळ, हसतमुख, कधी कुणाला शब्दानं दुखावलं नाही... 'मृदुभाषी' आलं तेव्हा मला हसू फुटलं. नात दचकून म्हणाली, "आजी, तू हसतेयस?" मी म्हटलं, "एवढं हसून घेऊ दे. मग रडते सावकाश."

दिवसवार झाल्यावर अश्विनीच मला म्हणाली, "मामी, तुम्ही लिहा आईंवर. सगळ्यांनी त्यांची देवी करून टाकलीय. मला देवी नकोय." मी विचारलं, "मग काय हवंय?" तर म्हणाली, "त्या हव्यात. दोन्ही." या 'दोन्ही'चा खुलासा करायचा तर मला फार मागं जावं लागेल, आणि मागं गेलं की वाटेत मी स्वतःच भेटते. त्याला इलाज नाही.

मी लग्न होऊन बुधवार पेठेत आले. रेडिओदुरुस्तीच्या दुकानावर आमच्या तीन खोल्या. खाली दिवसभर कुठल्या ना कुठल्या रेडिओची खरखर, अर्धी बातमी, अर्धं गाणं. सासरी येताना मी एक ट्रंक आणि पुष्कळसे संकल्प घेऊन आले होते. मला स्वतःला सुधारायचं होतं. पहाटे उठायचं, मोजकं बोलायचं, कुणावर चिडायचं नाही, रोज आरशापुढं उभं राहून मंद हसायचा सराव करायचा. मंद हसायचा, बरं का! तो सराव चालू असताना सासूबाई एकदा आत आल्या आणि विचारत्या झाल्या, "दात दुखतोय का गं?" तर अशी मी. आदर्श गृहिणी व्हायला निघालेलं, वेणीत अबोली माळलेलं एक ध्यान.

वन्संचं लग्न तेव्हा व्हायचं होतं. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. दिवसभर परक्या लोकांशी "नमस्कार, कुठला नंबर हवाय आपल्याला?" असं साखरेत घोळून बोलायचं आणि उरलेलं घरी आणून आमच्यावर रिकामं करायचं, असा त्यांचा शिरस्ता. आवाज कधी चढवायच्या नाहीत. उलट खालच्या पट्टीत, जाता जाता बोलायच्या, आणि आपल्याला लागलंय हे दोन खोल्या ओलांडल्यावर कळायचं. मी पहिल्यांदा आमटी केली. त्यांनी चव घेतली, शांतपणे उठून वाटी विसळली आणि म्हणाल्या, "सुधा, आमटी झाली की हाक मार." पहाटे उठण्याच्या माझ्या व्रताचं मी घरभर कौतुक सांगत होते, तर म्हणाल्या, "पाचला उठतेस म्हणे. आणि मग सातपर्यंत उठल्याचं सांगत फिरतेस, होय?" व्रत तिथंच संपलं. त्यानंतर आजतागायत मी साडेसहाच्या आत उठलेली नाही.

पण सगळ्यांत आठवतं ते हळदीकुंकवाचं. माहेरी मी चार वर्षं गाणं शिकले होते. म्हणजे बाईंकडे जाऊन बसत होते. त्या दिवशी बायकांनी आग्रह केला तशी मी मांडी ठोकून, डोळे मिटून एक भावगीत म्हटलं. संपल्यावर सगळ्या "वा वा" म्हणाल्या. वन्सं अत्तर लावत फिरत होत्या. माझ्याजवळ आल्या, मनगटाला अत्तर लावलं आणि म्हणाल्या, "गळा छान आहे हो तुझा... मंगळसूत्र शोभून दिसतं." बायका इतक्या हसल्या की खालच्या दुकानदारानं रेडिओ बंद केला. मी मोरीत जाऊन रडले. त्यानंतर चारचौघांत कधी गायले नाही. पुण्याच्या संगीताचं त्यात फार नुकसान झालं असं नाही, पण मला मात्र पुष्कळ दिवस वाटत होतं की आपण मोठ्या गायिका झालो असतो, नणंदेनं घात केला. तरुणपणी माणसाला आपल्या न झालेल्या गोष्टींसाठी कुणीतरी घातकी लागतो. मला तो घरातच मिळाला.

पुढं वन्सं लग्न होऊन विश्रांतवाडीला गेल्या. मंदार झाला. तो कॉलेजात असताना त्यांचे यजमान गेले. तोंड मात्र तसंच राहिलं. दुधवाला, कंडक्टर, मंदारचे मास्तर, कुणी सुटलं नाही. मंदारही नाही. पुढं मंदारचं लग्न ठरलं. ते व्हायच्या आधी आम्ही तिघं, हे, मी आणि वन्सं, एका यात्रा कंपनीच्या बसनं काशीला गेलो.

काशीला गेलं की आपल्या आवडीची एखादी वस्तू कायमची सोडून यायची, अशी रीत आहे. म्हणजे खायची वस्तू. कुणी आंबा सोडतं, कुणी वांगं. घाटावर भटजींनी प्रत्येकाच्या हातावर पाणी घातलं आणि विचारलं, "बोलिए, क्या छोड़ा?" आमच्या ह्यांनी तत्काळ कारलं सोडलं. आवडीची वस्तू! त्या माणसानं आयुष्यात कारल्याकडे मान वर करून बघितलं नव्हतं. मी पडवळ सोडलं. देवाला काय कळतंय, आणि कळलं तरी तो काही आमच्या घरी जेवायला येत नाही, असा माझा हिशेब. मग वन्संची पाळी आली. त्या ओंजळीतल्या पाण्याकडे बघत राहिल्या, बराच वेळ, आणि म्हणाल्या, "जीभ." भटजी वैतागून म्हणाले, "माताजी, फल बोलिए, सब्ज़ी बोलिए. पीछे लाइन है." तशी त्या म्हणाल्या, "सीताफळ." पाणी सोडलं, उठल्या. पायऱ्या चढताना मी विचारलं, "वन्सं, सीताफळ? तुम्हाला तर जीव की प्राण." त्या म्हणाल्या, "सीताफळ त्यांच्या समाधानाला. मी माझं सोडलंय."

मला वाटलं, ही त्यांची नेहमीची गंमत. परतीच्या प्रवासात आमच्या पुढच्या बाकावर एक बाई सकाळी चहापासून ज्या भजनं म्हणायला लागल्या, त्या जेवणाच्या वेळेपर्यंत थांबेनात. सूर असा की ड्रायव्हरही मागे वळून बघे. मी कोपरानं वन्संना ढोसलं. वाट बघत बसले, की आता येणार, आता पडणार ठिणगी. त्या पुढं वाकल्या. मी जीव मुठीत धरला. वन्सं म्हणाल्या, "किती मनापासून म्हणता हो तुम्ही." मी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

ताप नव्हता. त्या दिवसापासून वन्संच्या तोंडून तिखट शब्द गेला नाही. अश्विनी सून म्हणून आली. तिचा पहिला स्वयंपाक मीही जेवले आहे. मी वन्संकडे बघत होते. त्यांनी भात चिवडला, गिळला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "छान झालंय गं. दमली असशील." अश्विनीचा चेहरा असा फुलला... आणि मी, तिची मामेसासू, तिथं बसून जळले. मला कुणी "दमली असशील" म्हटलं नव्हतं.

मी काय काय केलं नाही त्यांना बोलतं करायला! मुद्दाम आमटी कच्ची ठेवली. जांभळ्या काड्यांचा चष्मा घालून गेले. पन्नाशी उलटल्यावर केस कापून घेतले आणि 'कशी दिसते?' म्हणून समोर उभी राहिले. म्हणाल्या, "हलकं वाटत असेल ना?" बस्स. पूर्वीच्या वन्संनी त्या केसांवर मला दिवाळीपर्यंत पुरेल एवढं दिलं असतं. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की त्यांच्या बोलण्यावर माझं सगळं घर उभं होतं. आमटीत काय कमी आहे, मी कुठं मिरवतेय, कुठं स्वतःला फसवतेय, ते मला त्या सांगायच्या. आता सगळंच छान. सगळंच छान म्हटल्यावर माणसानं धरायचं काय?

आणि त्यांचं काय झालं? त्या चांगल्या झाल्या हे लोकांना हां हां म्हणता कळलं. चांगल्या माणसाचा पत्ता सगळ्यांना ठाऊक असतो. सोसायटीतल्या किल्ल्या त्यांच्याकडे, कुरिअरचे खोके त्यांच्याकडे, शाळेतून लवकर सुटलेली पोरं त्यांच्याकडे. सुनांविषयी सासवा त्यांच्यापाशी रडायच्या, सासवांविषयी सुना. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त साहेब रोज संध्याकाळी त्यांना स्वतःच्या कविता वाचून दाखवायचे. एकदा मी त्या कवितांच्या वेळेला हजर होते. साहेब गेल्यावर म्हटलं, "वन्सं, अहो त्यांना सांगा ना, संध्याकाळी मला फिरायला जायचं असतं." वन्सं म्हणाल्या, "एकदा 'नको' म्हटलं की पुढचा शब्द आपोआप येतो गं. मला माझी खात्री नाही. दार उघडलं की सगळंच बाहेर पडेल." म्हणून त्यांनी दार लावूनच घेतलं. आधी टोमणा गेला, त्याच्यामागे तक्रार गेली, तक्रारीमागे 'नको' गेलं. बाहेरच्यांना वाटायचं, किती मोकळं घर आहे. आत त्या कोंडलेल्या.

त्यांच्या गोडपणाचा मला एकदाच फार राग आला, तो आमचे हे गेले तेव्हा. वन्सं माझ्याजवळ येऊन राहिल्या. डोक्यावरून हात फिरवायच्या, "रड हो, पडून राहा" म्हणायच्या. मी पडून राहिले. आठवडे गेले, मी पडूनच. पूर्वीच्या वन्संनी उंबऱ्यातून "किती दिवस चालणार आहे कार्यक्रम?" एवढं विचारलं असतं, तर मी रागारागानं उठून चहा टाकला असता. प्रेमानं मला अंथरुणात ठेवलं. शेवटी न राहवून मी विचारलं, "वन्सं, काशीला हे असलं काय सोडलंत तुम्ही? कशासाठी?" त्या म्हणाल्या, "अश्विनी येणार होती. तुझ्यावर एकदा जीभ चालवून बघितली होती ना... तू परत गायली नाहीस."

"अहो, मला येतच नव्हतं गाणं!"

"ते तर नव्हतंच," वन्सं म्हणाल्या. "पण गायली नाहीस."

आता त्यांच्या आजाराविषयी. पोटात गाठ निघाली, ती पसरलेली निघाली. "दुखतंय का?" या प्रश्नाला ज्या बाईनं वीसएक वर्षं "छे गं" असं उत्तर दिलं, तिचा आजार लवकर सापडणार कसा? अश्विनीनं मात्र कंबर कसली. ऑफिसचं काम घरून करायला लागली, पथ्याचं वेळापत्रक, सुया, तपासण्या, सगळं तिच्या अंगावर. भिंतीवर रंगीत कागदांवर 'मी बरी होत आहे' असं लिहून लावलं. सोसायटीत सगळ्यांना सांगायची, "आमच्या आई फायटर आहेत." मुलगी मनानं सोनं आहे, हे मी तिच्या तोंडावरही सांगितलंय. पण तिच्या त्या सोन्याचा पिंजरा झाला होता. प्रत्येक सुईनंतर वन्सं चार दिवस उठू शकत नसत, आणि पाचव्या दिवशी अश्विनीला सांगत, "आता बरं वाटतंय हो."

एक दिवस दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी मला फोन केला. "सुधा, मला हे आता नकोय."

"मग सांगा की त्यांना."

"कसं सांगू? त्या घरात मी 'नको' हा शब्द कधी वापरलाच नाही. त्यांना ओळखूच यायचा नाही."

"मी सांगते."

"तू नको. तू बोललीस तर ते तुझं बोलणं होईल. तुला सवय आहे, लोक मनावर घेत नाहीत." त्या थांबल्या. श्वास लागला होता. "आणि अश्विनीला वाटेल, तिचं काहीतरी चुकलं."

मी फोन ठेवला. बाई मरणाच्या दारात उभी, आणि सुनेला वाईट वाटेल म्हणून दार ठोठावत नव्हती. याला चांगुलपणा म्हणायचं? मला तर वाटलं, त्यांनी स्वतःसाठी बांधलेली खोली इतकी मजबूत झालीय की आता त्यांनाच फोडता येत नाही. मी आयुष्यभरात केलेला एकही संकल्प टिकला नाही याचं त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं.

मग तो दिवस उजाडला. अश्विनीचा फोन आला, रडका. "मामी, आई कसंतरीच बोलायला लागल्यात. आज तपासायला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, 'आजी, आपण अजून दोन डोस घेऊ या.' तर आई म्हणाल्या, 'आपण? मग एक तुम्ही घ्या, एक मी घेते.'"

मी खो खो हसले. फोनवर! मग अश्विनी थंड आवाजात म्हणाली, "हसण्यासारखं नाहीये ते. घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, आई, धीर सोडायचा नाही. तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'अश्विनी, तू मला धीर देतेस की माझ्याकडून घेतेस?'" तिला हुंदका आला. "त्या आई नाहीतच, मामी. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात, अशा औषधांनी होते कधी कधी चिडचिड. शांत वाटायला गोळी दिलीय. आज रात्रीपासून द्यायचीय."

इतक्या वर्षांनी बाईनं तोंड उघडलं, आणि ते दुखण्याचं लक्षण ठरलं! त्यावर गोळी! मी तशीच चप्पल घालून रिक्षात बसले.

अश्विनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. गोळ्यांची पाकिटं ओट्यावर. मंदार खिडकीपाशी, बाहेर बघत. मी म्हटलं, "अश्विनी, हे औषध बोलत नाहीये. ही तुझी सासू बोलतेय. मी ओळखते हिला. तू यायच्या आधी मी हिच्याबरोबर राहिलेय."

"मामी, प्लीज..."

"ऐक." आणि मी सांगायला लागले. आमटी सांगितली. पहाटेचं उठणं सांगितलं. गळा आणि मंगळसूत्र सांगितलं. माझ्या फजितीच्या ज्या गोष्टी मी जन्मभर कुणाला सांगितल्या नव्हत्या, त्या सगळ्या त्या ओट्यापाशी साक्षीदार म्हणून उभ्या केल्या. मंगळसूत्राला अश्विनीला रडता रडता हसू आलं, आणि हसू आल्याची लाज वाटून तिनं तोंडावर हात ठेवला. "हे आईंनी... तुम्हाला?"

"मला. मंदारला विचार."

मंदार वळला नाही. "आई बोलायची पूर्वी थोडं," तो काचेला म्हणाला. "पण हे वेगळं आहे."

"वेगळं काय रे? पूर्वीपेक्षा सौम्यच आहे."

तेव्हा तो वळला. साडेपाच फुटी माणूस, फळ्यापाशी उभं केलेल्या शाळकरी पोरासारखा दिसत होता. "मामी, ही आईच आहे असं धरलं, तर ती 'नको' म्हणतेय. मग मी पुढं काय करू?" त्याला सगळं आठवत होतं. म्हणून तर त्याला ते औषधच असायला हवं होतं.

आम्ही तिघं आत गेलो. वन्सं उशांना टेकून बसल्या होत्या. समोर भिंतीवर 'मी बरी होत आहे'. अश्विनी त्यांच्याजवळ बसली. म्हणाली, "आई, मामी म्हणतात, तुम्ही आधीपासून अशाच होता."

"मामी म्हणतेय म्हणजे वाढवूनच सांगितलं असणार," वन्सं म्हणाल्या.

"मग इतकी वर्षं माझ्याशी कोण बोलत होतं?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी आपली खऱ्या वन्संना सोडवून आणल्याच्या तोऱ्यात उभी. त्यात या पोरीची सासू मी हिरावून घेतेय हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वन्संनी तिचा हात धरला.

"मीच गं. ती मी कष्टानं केली होती. ही मला आयती मिळालेली."

"मग त्यातली खरी कोण?"

"ते मला कळलं असतं तर..." त्यांनी मान हलवली. मग आधी मंदारकडे बघितलं, मग अश्विनीकडे. "मला आता सुई नको, अश्विनी. आणि ती गोळीही नको. हे आम्ही दोघी मिळून सांगतोय."

मंदार पायाशी बसला आणि त्यानं त्यांच्या पावलांवर हात ठेवला. अश्विनी उठून बाहेर गेली. वन्संची नजर दाराला खिळली. माझ्या लक्षात आलं, इतकी वर्षं त्या याच एका गोष्टीला भ्यायल्या होत्या, की आपण बोलू आणि ही उठून जाईल. स्वयंपाकघरात नळ बराच वेळ वाहत होता. मग अश्विनी आली, डोळे धुऊन, हातात पाण्याचा पेला. म्हणाली, "नको तर नको. पण पाणी तरी प्या." वन्संनी पेला घेतला. सुया थांबल्या.

यापुढं त्या मनमोकळ्या जगल्या, असं लिहायला मला आवडलं असतं. पण खोटं कशाला लिहू? तेवढे थोडे आठवडे त्या घरात, आपल्या पलंगावर होत्या, दुखण्यावर औषध मिळत होतं, हे खरं. पण तोंडाचं काही धड जमेना. शुश्रूषेला येणाऱ्या बाईला एखादं वाक्य फेकायच्या आणि लगेच "लागलं का हो?" म्हणून तिचा चेहरा बघायच्या. गोड बोलायला जावं तर मध्येच कंटाळून थांबायच्या. मला म्हणाल्या, "सुधा, एवढं दार फोडलंस, पण आतलं सामान जुनं झालंय गं. एकही टोमणा धड लागत नाही. आणि दुसरंही आता जड जातं. मला दोन्हीकडं जागा नाही." मी म्हटलं, "वन्सं, मला लागतं हो अजून." "तुला काय, काहीही लागतं," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो. पण ते हसणं काही फार लांब गेलं नाही.

शेवटच्या भेटीत त्यांनी मला गायला सांगितलं. मी म्हटलं, "आधीच आजारी आहात." पण त्यांनी हट्ट धरला. मग मी दार लोटून घेतलं आणि तेच जुनं भावगीत म्हटलं. आवाज फाटला, दुसऱ्या कडव्याचे शब्द आठवेनात, तिथं नुसतंच गुणगुणले. संपल्यावर वाट बघत थांबले. त्यांच्या ओठांपाशी एक वाक्य येऊन उभं राहिलेलं मला स्पष्ट दिसलं. ते तिखट होतं की गोड, एवढंच मला हवं होतं. पण त्या झोपल्या... का झोपेचं सोंग घेतलं, देव जाणे.

गेल्या आठवड्यात अश्विनीनं मला त्यांचं कपाट आवरायला बोलावलं. भिंतीवरचे कागद काढलेत, चिकटपट्टीचे डाग तेवढे राहिलेत. पलंग तसाच आहे. आम्ही साड्या काढत होतो, पर्सा रिकाम्या करत होतो. अश्विनीनं एक पर्स उलटी केली, तर चार-पाच लवंगा पडल्या. दुसरीत पुन्हा लवंगा. स्वेटरच्या खिशात लवंगा, रुमालाच्या गाठीत लवंगा, चष्म्याच्या घरात, अगदी देवळात न्यायच्या बटव्यातही. पलंगाच्या उशागती एक छोटी डबी, तीही लवंगांची. अश्विनी ओंजळ माझ्यापुढं धरून म्हणाली, "मामी, आईंची दाढ दुखायची का हो इतकी?"

"दाढ कुठली? त्यांची कवळी होती," मी म्हटलं, आणि बोलता बोलताच थांबले. त्यांच्या जवळ बसलं की यायचा तो वास मला आठवला. मी कच्ची आमटी वाढली तेव्हा, कापलेले केस घेऊन समोर उभी राहिले तेव्हा, तिसऱ्या मजल्यावरचे साहेब वही उघडायचे तेव्हा... त्यांचा हात कमरेच्या बटव्याकडे जायचा आणि मग तोंडाकडे. मी समजत होते, सुपारी असेल. त्या बोलणं सोडून वगैरे आल्याच नव्हत्या. प्रत्येक वेळी ते येत होतं, थेट ओठांपर्यंत, आणि प्रत्येक वेळी त्या ते दाताखाली चिरडत होत्या. काशी एकदाच झाली होती. हे मात्र रोज, दिवसातून कितीदा... माझ्यासाठीसुद्धा.

अश्विनीला हे मी कसं सांगावं ते सुचेना. तिनं लवंगा डबीत भरून डबी माझ्या हातात दिली आणि कपाटातून एक पोपटी साडी काढून, माझ्या खांद्यावर टाकून, लांब उभं राहून बघितलं. "ही तुम्ही घ्या, मामी. यात तुम्ही एकदम तरुण दिसाल." त्यावरचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. चांगलं होतं, वन्संना आवडलं असतं. मी डबी उघडली, एक लवंग तोंडात टाकली आणि चावली. किती वर्षांची होती कोण जाणे, पण असली तिखट! जीभ, टाळू, नाक, सगळं पेटलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. अश्विनीनं मला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडा, मामी. मोकळेपणानं रडा." लवंगेमुळं पाणी आलंय, एवढंच मला तिला सांगायचं होतं. पण तोंड उघडायची सोय नव्हती.